जुन्या फोटोतला छोटा जपानी 'टँक': टाइप ९२ की टाइप ९४?

मांचुरियातल्या एकाच फोटोखाली कुठे 'टाइप ९२ टँक', कुठे 'टाइप ९४', तर कुठे 'आर्मर्ड कार' लिहिलंय, यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

नाव बाजूला ठेवा, आधी चाकं मोजा. एका बाजूला जमिनीवर टेकलेली सहा छोटी चाकं दिसली, तर ती सुरुवातीची टाइप ९२. घोळ होतो तो चार चाकांचा. नंतरच्या ९२ ला चारच, पण मोठी चाकं बसवली आणि ९४ लाही चारच आहेत. मग गाडीचं नाक बघा. ९२ ला टरेटमधल्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजातल्या, मशीनगनखेरीज खाली पुढच्या भागात आणखी एक मशीनगन असते. ९४ ला ती नाही. जे काही शस्त्र ते टरेटमध्ये आणि टरेटही पार मागे. शेजारी माणूस उभा असेल तर लांबीचाही अंदाज घ्या: ९२ जवळपास ४ मीटर, आत तिघे, ९४ तीन मीटरहून जेमतेम जास्त, आत दोघे.

पाच चाकं भरली तर? चाकांच्या मागे, पट्टा ताणून धरणारं आयडलर सुरुवातीच्या ९४ मध्ये जमिनीपासून उचललेलं होतं. वेगात वळताना पट्टा निसटायचा, म्हणून पुढे ते मोठं करून जमिनीवर टेकवलं. तेच पाचवं चाक वाटतं. मात्र टरेटात ३७ मिमीची तोफ असेल, तर ती बहुधा १९३७ ची ते-के, म्हणजे ९४ नंतरची छोटी जपानी गाडी.

आता 'आर्मर्ड कार'. हे भाषांतर चुकलेलं नाही. सेन्शा, म्हणजे रणगाडे, पायदळाच्या ताब्यात. घोडदळाने ९२ घेतली ती 'जू-सोकोशा', जड चिलखती गाडी या नावाने. ९४ चं नाव 'केई-सोकोशा', म्हणजे हलकी. गंमत अशी की जड आणि हलकी दोन्ही साडेतीन टनांच्या आसपास! ९४ ला 'टीके'ही म्हणतात. ते 'तोकुशू केनिन्शा', खास ओढगाडी, याचं लघुरूप. दारूगोळ्याचा ट्रेलर ओढणं हे तिचं मूळ काम.

नावातला आकडा जपानी शाही सनाचा: इसवी सनात ६६० मिळवा, शेवटचे दोन अंक घ्या. १९३२ म्हणजे २५९२, म्हणून ९२. जुन्या पाश्चात्त्य पुस्तकांत 'टाइप २५९२' असा पूर्ण सनही सापडतो. हा हिशेब १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा. त्याआधीच्या आकड्यांना लावू नका. टाइप ३८ रायफल मेइजी ३८ ची, म्हणजे सम्राट मेइजीच्या राजवटीच्या ३८ व्या वर्षाची, म्हणजे १९०५ ची. १९४० ला सन २६०० झाला, तेव्हा लष्कराने १०० लिहिलं, नौदलाने ०.

फोटोखाली नुसतं 'टाइप ९२' लिहू नका. ७.७ मिमीची मशीनगन टाइप ९२ आहे, पायदळाची ७० मिमीची तोफही टाइप ९२. 'टाइप ९२ जू-सोकोशा, सहा चाकी' इतकं लिहा.