लांगेला पहिल्यांदा जाताय?
पहिल्याच वाईन टूरसाठी इटलीच्या पिएमोंते प्रांतातला लांगे भाग निवडलात, फार छान केलंत. फक्त एका दिवसात दोनच वायनरी ठेवा. गाइड चार म्हणाला तरी ऐकू नका. तिथली प्रसिद्ध रेड वाईन बारोलो ही घाईत प्यायची वाईनच नव्हे. बाजारात येण्याआधी ती किमान ३८ महिने मुरते, त्यातले १८ लाकडी पिंपात. ती ज्यापासून बनते त्या नेब्बिओलो द्राक्षाचा रंग फिका, त्यामुळे वाईन हलकी असेल असं वाटतं. पण घोट घेतला की ओली सुपारी चावल्यासारखी जीभ तुरट होते, हिरड्या आवळतात. दचकू नका. चीजचा तुकडा खा आणि पुन्हा घोट घ्या, चव उलगडत जाते. चाखून झालं की समोरच्या भांड्यात थुंकायला संकोच नको, तिथे तीच रीत आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर तिथल्या आल्बा गावची पांढरी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी सुवासिक अळिंबी, खाच. ताजारिन म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकात मळलेल्या बारीक शेवया; लोण्यात घोळवून आणतात आणि टेबलापाशीच वरून ट्रफलचे कागदासारखे काप पाडतात. गरम शेवयांवर पडताच जो वास सुटतो, त्यासाठीच जायचं! दर ग्रॅमवर असतो, आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं, बिलाने पुढचे दोन दिवस हात आखडता घ्यावा लागला.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा; आन्योलोत्ती देल प्लिन या तिथल्या भरलेल्या छोट्या पास्त्याच्या सारणात मांस असतं.