देवाला रक्त कशाला हवे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही. येशू सर्वांच्या पापांसाठी मेला, असे मित्र सांगतो. देव दयाळू आहे, तर क्षमा करायला त्याला कुणाचे रक्त कशाला लागावे?

उत्तर: हा प्रश्न ख्रिस्ती घरांतल्या मुलांनाही पडतो. रागावलेल्या देवाची समजूत घालायला माणसाने काहीतरी वाहायचे, अशी बळीची कल्पना मनात असली की क्रूस क्रूरच वाटणार. बायबलमध्ये मात्र देणारा देव आहे. ‘लेवीय’ पुस्तकाच्या १७व्या अध्यायात तो म्हणतो, रक्तात जीव असतो आणि प्रायश्चित्तासाठी ते मीच तुम्हाला दिले आहे. रक्ताची तहान म्हणावी, तर ज्याची दोन पारव्यांचीही ऐपत नाही त्याने थोडे सपीठ आणले तरी त्याला क्षमा मिळे (लेवीय ५:११). पुढे येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो, की देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता. उसने दिलेले पैसे माफ केले, तर ते नुकसान माफ करणाऱ्याच्याच खिशाला बसते. क्रूसावर देवाने आपले नुकसान असे स्वतः सोसले, अशी आमची श्रद्धा आहे.

हे नेमके कसे घडते, याबाबत मतभेद आहेत. अकराव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल्म या ख्रिस्ती विचारवंताने देवाच्या दुखावलेल्या मानाची भरपाई असे उत्तर दिले, तर अनेक प्राचीन धर्मपित्यांनी (पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती शिक्षकांनी) त्यात मृत्यू आणि सैतानावरचा विजय पाहिला. पण पिता मारायला निघाला आणि पुत्र मध्ये पडला, असे कुणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर ते चूक आहे.

प्रश्न: बायबलमधल्या यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे कशासाठी?

उत्तर: लेवीय १६ सावकाश वाचा. त्या दिवशी प्रमुख याजक भरजरी वस्त्रे उतरवून साधी तागाची घालतो. आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी दोन बकरे, आणि कोणता बकरा कशासाठी हे ठरवायला चिठ्ठ्या. एकाचा बळी देऊन त्याचे रक्त पडद्याआड परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थळाच्या सर्वांत आतल्या भागात, शिंपडले जाते. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक लोकांची पापे बोलून दाखवतो आणि त्याला रानात सोडले जाते. पवित्रस्थान शुद्ध व्हावे आणि पापही वस्तीबाहेर जावे, म्हणून दोन. हे दरवर्षी करावे लागे. नव्या करारातले ‘इब्री लोकांस पत्र’ त्यावरच बोट ठेवते आणि ख्रिस्ताचे अर्पण एकदाच, कायमचे झाले असे सांगते. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले आणि हे बळी थांबले. यहुदी लोक हा दिवस आजही उपास आणि प्रार्थनेने पाळतात.

प्रश्न: मग मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची भाकर आणि द्राक्षारसाची उपासना, म्हणजे पुन्हा बळी का?

उत्तर: नाही. कॅथलिक शिकवणीनुसारही तेच एकमेव अर्पण तिथे उपस्थित होते, नवे होत नाही. प्रोटेस्टंट त्यांच्या अशाच विधीत, प्रभुभोजनात, स्मरणावर आणि सहभागितेवर भर देतात.

प्रश्न: वडिलोपार्जित जमीन विकताना धाकट्या भावाला किंमत कमी सांगून एक लाख रुपये मी ठेवून घेतले. देवाची क्षमा मागितली आहे. आता भावाला सांगून घर फोडू का?

उत्तर: सांगा. फूट व्यवहाराच्या दिवशीच पडली आहे, भावाला ती अजून ठाऊक नाही इतकेच. लेवीयच्या ६व्या अध्यायात नेमका तुमचा गुन्हा आहे, शेजाऱ्याला फसवल्याचा. तिथे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा मालकाच्या हाती द्यायचा, तोही दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा बळी, आणायच्या दिवशीच. तुमच्या हिशेबात एक लाख वीस हजार. तो नियम ख्रिस्ती माणसाला जसाच्या तसा लागू नाही, पण येशू आणखी पुढे जातो: वेदीपाशी आल्यावर आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा (मत्तय ५:२३-२४). येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर, कुणाला फसवले असेल तर चौपट परत करतो, असे म्हटले.

ख्रिस्ताने सगळे फेडले म्हणून भावाचे पैसे फिटत नाहीत. खरेदीखत घेऊन जा, खरी किंमत सांगा, ‘पण त्या वेळी मला अडचण होती’ हे वाक्य गाळा. एकरकमी जमत नसेल, तर हप्ते लिहून द्या. तो चिडेल, कदाचित महिनोन्महिने बोलणार नाही. ‘देवाने मला क्षमा केली, तूही कर’ असे त्याला म्हणू नका. त्याने कधी क्षमा करायची ते त्याला ठरवू द्या. पहिला हप्ता मात्र त्याच दिवशी द्या.