म्हापशातल्या जिमने हजेरीसाठी बोटाचा ठसा मागितलाय. द्यावाच लागतो का?

सक्ती नाही. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ठसा ही संवेदनशील माहिती. खासगी संस्थेला तो घेण्याआधी लेखी संमती लागते, नंतर ती लेखी मागेही घेता येते. मात्र नकार दिल्यास सेवा नाकारायची मुभा त्यांना आहे, म्हणून पैसे भरण्याआधीच कार्ड किंवा पिनची सोय मागा. बहुतेक यंत्रांत ती असतेच.

खरी गडबड सदस्यत्व संपल्यावर होते. नाव फक्त ‘बंद’ करतात, ठशाचा साचा (ठशावरून बनवलेली डिजिटल नोंद) बऱ्याचदा यंत्रात तसाच राहतो. यंत्र, संगणक आणि क्लाउड, तिन्हीकडून काढल्याचं ईमेलवर लिहून घ्या.

आधारशी याचा संबंध नाही. तरी आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावून ठेवा, रेशनला अंगठा देताना तात्पुरतं उघडता येतं.