गेम खेळताना स्क्रीन काळी होते, ग्राफिक्स कार्ड बदलावं का?

तुम्ही लिहिलंय की गेम चालू असताना स्क्रीन काळी पडते, कार्डाचे फॅन एकदम फुल स्पीडने घोंघावायला लागतात, गेमचा आवाज मागे चालूच असतो आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तीनदा टाकून झालाय. कार्ड बदलू नका. निदान एवढ्यात तरी नाही.

इतकं ठामपणे सांगतोय कारण सेम हेच माझ्याकडे झालं होतं आणि त्यात माझे सहा आठवडे गेले, त्यातले पाच भाऊजींच्या नादाने. भाऊजींना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं आमच्या घरात ठरलेलं आहे. ते म्हणाले ड्रायव्हर. मग सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल) साफ केला, नवा टाकला, मग जुना टाकला, ढिम्म फरक नाही. मग म्हणाले विंडोज फॉरमॅट मार. मारली, दोनदा. मी आपला म्हणतोय एसएमपीएसकडे (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघू, तर म्हणे साडेसातशे वॉटचा आहे, त्याला काय धाड भरलीय.

अहो पण वॉट पोचतात कुठून ते बघा ना! मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ मिळतात, बाकी सगळे वरच्या केबलमधून, आठ पिनच्या एका कनेक्टरला १५०. माझ्या कार्डाला असे दोन कनेक्टर, आणि पीसी जोडणाऱ्याने (म्हणजे भाऊजींनीच, पण तेव्हा मी बोललो नाही) एकाच केबलची दोन तोंडं दोन्हीकडे खुपसलेली. डेस्कटॉपवर काहीच कळत नाही, पण गेममध्ये लोड आला की कार्ड क्षणभर नेहमीच्या वॉटच्या बरंच वर उडी मारतं, व्होल्टेज पडतं आणि स्क्रीन गायब. एका रविवारी एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढल्या. त्या दिवसापासून क्रॅश बंद.

तुमच्याकडे काय आहे ते विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये बघा. ४१०१ नंबरचा इव्हेंट दिसला तर ड्रायव्हरने २ सेकंदात उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने त्याला परत उठवलं, एवढाच अर्थ. तो का अडकला हे त्यात नसतं, आणि हेच मी भाऊजींना घसा कोरडा करून सांगत होतो. रजिस्ट्रीत जाऊन ते २ सेकंद वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ताप मोजायचा सोडून थर्मामीटर फोडल्यासारखं आहे ते. स्क्रीन काळी असताना विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, चित्र परत आलं तर ड्रायव्हरवर संशय घ्यायला हरकत नाही.

आता खरं सांगायचं तर केबल बदलताना मी कार्ड स्लॉटमधून काढून, पुसून परत बसवलं होतं आणि रॅमचं एक्सएमपीही (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद केलं होतं. एक्सएमपी नंतर परत चालू केलं, काही झालं नाही. पण भाऊजी अजून म्हणतात की कार्डच नीट बसलं नव्हतं, पटत नसेल तर परत एक केबल लावून बघ. मी नाही लावणार.

आणि हो, जास्तीची केबल त्याच एसएमपीएसबरोबर आलेली हवी. दुसऱ्याची तोंडाला बसते, पण आतली पिनांची जुळणी वेगळी असू शकते, मग मात्र कार्ड खरंच बदलावं लागेल.