पन्नासपर्यंत म्हणतो, पण पाच वाट्या आणत नाही

प्रश्न : माझा मुलगा नुकताच चार वर्षांचा झाला. एक ते पन्नास अंक तो न अडखळता म्हणतो, त्यामुळे घरात त्याचे फार कौतुक होते. परवा पाने घेताना मी त्याला पाच वाट्या आणायला सांगितल्या, तर हाताला लागल्या तेवढ्या घेऊन आला. समोर ठेवलेली सहा बोरे बोट लावून नीट मोजतो, परंतु "मग किती झाली?" असे विचारले की पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. त्याला गणित अवघड जाईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काळजीचे काही कारण नाही. पन्नासपर्यंत अंक म्हणणे हे शुभंकरोती म्हणण्यासारखे पाठांतर आहे. मोजणे ही त्याहून वेगळी आणि बरीच अवघड गोष्ट आहे. मोजताना शब्दांचा क्रम चुकू द्यायचा नसतो, एका वस्तूला एकच शब्द द्यायचा असतो आणि शेवटी उच्चारलेला 'सहा' हा शब्द त्या शेवटच्या बोराचा नसून सगळ्या बोरांचा आहे, हेही उमगावे लागते. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ही तत्त्वे मांडली. आपला मुलगा पहिली दोन सांभाळतो, तिसऱ्यापाशी थांबला आहे. मुलांना आधी 'एक' खरोखर कळतो, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि त्यानंतर केव्हातरी एकदम सगळ्या मोजणीचा अर्थ लागतो. या वयात तो तिथे असणे स्वाभाविक आहे.

पाने घेण्याचे काम त्याच्याकडेच राहू द्या, मात्र सुरुवातीला आकडा सांगू नका. "प्रत्येकाच्या ताटात एक वाटी ठेव" एवढेच सांगा, म्हणजे आजोबांची वाटी राहिली हे त्याचे त्यालाच दिसेल. मग त्याच्याबरोबर मोजा आणि शेवटच्या शब्दानंतर सगळ्या वाट्यांवरून हात फिरवून म्हणा, "एक, दोन, तीन, चार. चार वाट्या." हे दोन शब्द आपण सहसा गाळतो, आणि मुलाला नेमके तेच ऐकायचे असतात. "किती झाली?" हा प्रश्न त्याला परीक्षेसारखा वाटतो, आधीचे मोजणे चुकले असावे असे समजून तो पुन्हा मोजतो. त्याऐवजी मोजण्याला कारण द्या. मटार सोलताना कोणाच्या शेंगेत जास्त दाणे निघाले, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. मुठीत दोन-तीन चिंचोके घेऊन मूठ क्षणभर उघडून मिटावी आणि किती होते ते न मोजता ओळखायला सांगावे. तीनपर्यंतची संख्या नजरेने ओळखणे हाही मोजणीचाच पाया आहे. (घरात तीन वर्षांखालील भावंड असेल, तर चिंचोके आणि मटार त्याच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्या, तोंडात घातले तर घशात अडकतात.)

फरशीवर खडूने एका ओळीत दहा घरे आखून त्यांत १ ते १० लिहा. फाशावर फक्त एक आणि दोन असू द्या. चारच्या घरात उभ्या असलेल्या मुलाला दोन पडले, तर त्याने "एक, दोन" न म्हणता "पाच, सहा" म्हणत पुढे जावे. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी यांनी २००८ साली अशाच सरळ पटाचा खेळ बालवाडीच्या वयाच्या मुलांबरोबर एकूण सुमारे तासभर खेळला आणि मुलांची संख्यांची समज सुधारलेली आढळली. सापशिडीच्या ओळी उलटसुलट वळतात, म्हणून तिला थोडे थांबवलेले बरे.

प्रश्न : माझी नात सहा वर्षांची असून इंग्रजी माध्यमात शिकते. 'एकोणतीस', 'एकोणचाळीस' आले की ती गोंधळते आणि इंग्रजीत म्हणू का, असे विचारते. काय करावे? (एक आजी, ठाणे)

उत्तर : तिची अडचण खरी आहे. २९ लिहिताना दोन आधी येतो, पण 'एकोणतीस' म्हणताना तिसाचे नाव घ्यावे लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस नऊ' असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला; गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण पुढे केली होती. माझ्या मते दोन्ही नावे घरात नांदू शकतात. आइस्क्रीमच्या काड्या घेऊन दहा-दहांचे जुडगे रबराने बांधायला लावा आणि तिच्यापुढे दोन जुडगे व नऊ सुट्या काड्या ठेवा. "तिसरे जुडगे व्हायला किती कमी?" असे विचारले की 'एकोण' म्हणजे एक उणे हे तिच्या हातालाच कळेल. नव्व्याण्णव मात्र या शिस्तीत बसत नाही. तिथे ती अडखळली, तर दोष तिचा नाही.