फोंड्याचं घर विकून पोर्तुगालला? एका प्रश्नाला उत्तर

भाऊ, वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दोघं साठी ओलांडलेली, भाऊंना सरकारी पेन्शन, वहिनींना एलआयसीची ठराविक पेन्शन, लेक लिस्बनला नोकरीत. फोंड्याचं घर विकून डी-सेव्हन व्हिसावर, म्हणजे पेन्शन-भाड्यासारख्या नियमित उत्पन्नावर मिळणाऱ्या पोर्तुगालच्या व्हिसावर, कायमचं इकडे यायचं मनात आहे. शेजाऱ्यांनी थायलंड आणि मलेशियाही सुचवलंय. एका सल्लागाराने वहिनींच्या वडिलांचा जन्म 1961 च्या आधीचा म्हणून पोर्तुगीज पासपोर्टचंही गाजर दाखवलंय. आणि पत्राच्या शेवटी वहिनींनी एका ओळीत विचारलंय, नियम सारखे बदलतात म्हणतात, आमच्या वयाला ते झेपेल का? मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. कागदपत्रांची यादी तुम्हाला कोणीही देईल.

झेपेल, पण घर विकू नका. मी इतकं ठाम बोलतेय, कारण नियम बदलला की त्याचा त्रास किती होणार हे परत जायला जागा आहे की नाही यावर ठरतं. आम्ही डिचोलीचं घर ठेवलं म्हणून इथे सेतुबालला शांत झोपतो. आमच्याच ओळखीत गावाकडचं सगळं विकून आलेली माणसं आहेत. बातमी तीच, पण त्यांच्या घरी ती आली की रक्तदाब वाढतो. परत जाणं हा पर्याय हातात असला की माणूस इथेही मोकळेपणाने राहतो.

आता नियम किती आणि कसे बदलले ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. 2009 पासून इथे नव्याने आलेल्या रहिवाशांसाठी दहा वर्षांची करसवलत होती, एनएचआर म्हणत. 2020 पासून तिच्यात परदेशी पेन्शनवर सरसकट 10 टक्के कर आला. 2024 च्या सुरुवातीला ती योजनाच नव्या लोकांसाठी बंद झाली, आधीपासून प्रक्रियेत असलेल्यांना तेवढी थोडी मुदत मिळाली. म्हणजे एजंटने तुम्हाला 10 टक्के कराचा तक्ता दाखवला असेल तर तो जुना आहे. आता नेहमीचे दर लागतात आणि ते उत्पन्नानुसार 48 टक्क्यांपर्यंत चढतात. भाऊंची पेन्शन सरकारी असल्यामुळे भारत-पोर्तुगाल कर-करारातलं सरकारी सेवेचं कलम पणजीच्या एखाद्या जाणत्या सीएकडून नीट वाचून घ्या. वहिनींची पेन्शन त्या कलमात बसत नाही. दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडायला लावा.

ऑक्टोबर 2023 मध्ये घर विकत घेऊन गोल्डन व्हिसा (गुंतवणुकीवर मिळणारा वास्तव्याचा परवाना) मिळवायचा रस्ता बंद झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस परदेशी नागरिकांचं जुनं खातं, सेफ, बरखास्त होऊन आयमा ही नवी संस्था आली आणि तिच्या वाट्याला सुमारे चार लाख प्रलंबित फायली आल्या. नागरिकत्वाची कथा तर आणखी नागमोडी. पाच वर्षांचा वास्तव्यकाळ वास्तव्याचं कार्ड मिळाल्यापासून न धरता अर्ज केल्यापासून धरायचा, असा कायदा मार्च 2024 मध्ये झाला. लोक आनंदले. ऑक्टोबर 2025 मध्ये संसदेने उलट दिशेचा कायदा मंजूर केला: पाचाची दहा वर्षं, आणि मोजणी पुन्हा कार्डापासून. डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी घटनाबाह्य ठरवून तो अडवला. तुम्ही हिशेब करताना दहाच वर्षं धरा. सत्तरीनंतर मिळणाऱ्या पासपोर्टसाठी इकडे येणार असाल तर येऊ नका. लेकीजवळ राहायला मिळावं, चालायला चांगले पदपथ असावेत, संध्याकाळी समुद्र दिसावा यासाठी येणार असाल तर पहिल्या दिवसापासून ते तुमचंच आहे, ते कोणत्याही दुरुस्तीत जात नाही.

या सगळ्या बदलांकडे पाहिल्यावर मला एक गोष्ट दिसते. जे हक्क आधीच पदरात पडलेले असतात त्यांना सहसा धक्का लागत नाही. ज्यांना एनएचआर मिळालं होतं त्यांची दहा वर्षं शाबूत राहिली. धक्का बसतो तो वाटेवर असलेल्यांना आणि पुढे काहीतरी मिळेल म्हणून आज खर्च करणाऱ्यांना. म्हणून आज जे कार्ड देतं तेवढ्यावर आयुष्य आखा.

आणि एक बदल असा आहे, की ज्याची बातमी होत नाही. डी-सेव्हनसाठी लागणारं उत्पन्न इथल्या किमान वेतनाला बांधलेलं आहे: पहिल्या माणसाला पूर्ण, जोडीदाराला त्याच्या निम्मं. किमान वेतन 2020 मध्ये महिना 635 युरो होतं, 2024 मध्ये 820, 2025 मध्ये 870 आणि 2026 साठी 920. म्हणजे जोडप्याला आता महिना 1380 युरो दाखवावे लागतात. त्यात रुपयाही घसरला. 2020 च्या सुरुवातीला युरो साधारण 80 रुपयांना होता, 2025 च्या शेवटी 105 च्या आसपास. गुणाकार करून बघा: तेव्हा जोडप्याला महिना 76 हजार पुरत होते, आता जवळजवळ 1 लाख 45 हजार लागतात. नियमाचा एक शब्दही न बदलता अट दुपटीला आली! पहिलं कार्ड दोन वर्षांचं, मग नूतनीकरण तीन वर्षांचं, आणि नूतनीकरणाला त्या वर्षीचा आकडा लागतो. भाऊंच्या पेन्शनला महागाई भत्ता आहे, ती थोडीफार वर सरकेल. वहिनींची एलआयसीची रक्कम आहे तिथेच राहणार. तुम्ही दिलेले आकडे आजच्या अटीला जेमतेम पुरतात, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. फोंड्याच्या घराचा खालचा मजला भाड्याने दिलात तर भाड्याचं उत्पन्नही इथे धरतात. करारनामा नोंदणीकृत करा आणि भाडं बँकेतूनच घ्या. घर न विकण्याचं हे दुसरं कारण.

वहिनी, आता मनाच्या त्रासाबद्दल. तो कायद्यापेक्षा वाट बघण्यातून जास्त येतो. फायली तुंबल्या तेव्हा सरकारने मुदत संपलेली कार्डं वैध धरावीत असे हुकूम काढले, आधी जून 2025 पर्यंत, मग ऑक्टोबर 2025 पर्यंत. आमचं कार्ड याच काळात संपलं. देशात काही अडलं नाही, दवाखाना चालू, बँक चालू. पण हा हुकूम पोर्तुगालचा. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो मानलाच पाहिजे असं नाही. त्या वर्षी चवथीला आम्ही डिचोलीला गेलो नाही. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली व्हिडिओवर पाहिली, आरतीला फोन धरून उभे राहिलो. घरी कोणी आजारी पडलं तर काय, हा विचार त्या महिन्यांत सतत पाठीशी होता. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण तुम्हालाही एखाद्या वर्षी हे सोसावं लागेल असं धरून चला. वहिनींच्या आई नव्वदीला टेकल्यात असं तुम्ही लिहिलंय. त्यांचा विचार आधी करा. असा हुकूम लागू असताना तारीख संपलेलं कार्ड घेऊन निघायची वेळ आलीच, तर दुबईमार्गे थेट लिस्बनला उतरणारं तिकीट घ्या, मध्ये दुसरा शेंगेन देश (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटातला) नको.

गैरहजेरीचाही नियम आहे. कार्डाच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिन्यांहून जास्त सबळ कारणाशिवाय बाहेर राहिलात तर कार्ड रद्द होऊ शकतं. चवथीला एक महिना, शिगम्याला एक महिना असं दरवर्षी सहज बसतं. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे हे मात्र बसत नाही. प्रत्येक प्रवासाची तारीख एका वहीत लिहून ठेवा, बोर्डिंग पास जपा.

बातम्यांचं काय करायचं तेही सांगते, कारण निम्मा ताण तिथूनच येतो. इथे कायदा होताना आधी मंत्रिमंडळ मसुदा मंजूर करतं, मग संसद, मग राष्ट्राध्यक्ष, वाटलं तर घटनात्मक न्यायालय, आणि शेवटी 'दियारिओ दा रेपुब्लिका' या राजपत्रात छापून आल्यावर तो लागू होतो. व्हॉट्सअॅपवर यातल्या प्रत्येक पायरीला 'नियम बदलला' म्हणून संदेश फिरतो. 2025 च्या उन्हाळ्यापासून वर्षअखेरपर्यंत नागरिकत्वाच्या त्या एकाच मसुद्यावर लोकांनी किती रात्री जागवल्या! मी आमच्या घरात शिस्त लावली आहे: राजपत्रात येईपर्यंत जेवणाच्या टेबलावर चर्चा नाही. महिन्यातून एकदा राजपत्र आणि आयमाचं संकेतस्थळ उघडायचं, तारीख आणि क्रमांक बघायचा, आपल्याला लागू असेल तरच वकिलाला विचारायचं. लेकीलाही हे सांगा. मुलं काळजीपोटी रोज बातम्या पाठवतात आणि आईबापांची झोप जाते.

पासपोर्टच्या गाजराबद्दल मी स्पष्ट बोलते. वहिनींचे वडील 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणून तो मार्ग कायद्याने आहे, आणि गोव्यातल्या हजारोंनी तो घेतला आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगालचं नागरिकत्व स्वीकारलं की भारताचं संपतं, मतदान संपतं, आणि भारतीय पासपोर्ट वेळेवर जमा न केल्यामुळे तो रद्द होऊन ओसीआय कार्डासाठी (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) अडकलेली गोवेकर मंडळी तुम्हीही पाहिली असतील. शिवाय ओसीआयधारकाला शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. तुमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटणीचा विषय अजून भावांमध्ये मिटलेला नाही, तो मिटेपर्यंत या वाटेला जाऊ नका. तरुण माणसाने नोकरीसाठी हे केलं तर मी समजू शकते. साठीनंतर लेकीच्या शेजारी राहायला त्याची गरज नाही, डी-सेव्हन पुरतो. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचं कार्डही मागता येतं. त्याला ए-टू, म्हणजे प्राथमिक बोलण्यापुरत्या, पातळीचं पोर्तुगीज लागतं, ते आतापासूनच शिकायला घ्या.

थायलंड-मलेशियाचं थोडक्यात. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर 8 लाख बाट बँकेत किंवा महिना 65 हजार बाट उत्पन्नावर वर्षाची मुदत मिळते, पण ती दरवर्षी मागायची, दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. 2019 मध्ये पैसे खात्यात किती महिने राहिले पाहिजेत याचे नियम आवळले, 2024 पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कराची भाषा सुरू झाली. मलेशियाने 2021 मध्ये आपल्या योजनेची उत्पन्नाची अट महिना 10 हजार रिंगिटवरून एकदम 40 हजारांवर नेली होती, 2024 मध्ये पुन्हा सगळी रचना बदलली. दोन्ही देश राहायला छान आहेत. पण तिथे तुमचं कोणी नाही, आणि नियम फिरला तर रांगेत बरोबर उभं राहायला लेक नसेल.

घर ठेवायचं म्हणजे बंद करून ठेवायचं नाही. परदेशी गेलेल्यांच्या, वारस दूर असलेल्यांच्या जमिनी खोट्या दस्तांवर विकल्याची इतकी प्रकरणं गोव्यात निघाली, की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. दर तीन-चार महिन्यांनी फॉर्म वन-फोर्टीनचा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा) उतारा ऑनलाइन काढून नाव तपासा. मुखत्यारपत्र द्यायचं तर फक्त देखभाल, भाडं आणि घरपट्टीपुरतं द्या, विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. वीजबिल आणि घरपट्टी तुमच्याच नावाने चालू राहू दे.

आरोग्यविमाही सोडू नका. भारतातली जुनी पॉलिसी बंद केली आणि परत येऊन नवी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. भाऊंची साखर आणि अँजिओप्लास्टी बघता तो हप्ता भरत राहणं शहाणपणाचं. व्हिसासाठी इथला खासगी विमा घ्यावा लागेल, पुढे रहिवासी झालात की सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदवता येतं. पण 15 लाखांवर लोकांना इथे फॅमिली डॉक्टर मिळालेला नाही, तेव्हा सुरुवातीचे महिने खासगी दवाखान्याचा खर्च धरा. आणि हयातीचा दाखला! नोव्हेंबरमध्ये तो राहिला तर पेन्शन थांबते, आणि पेन्शन थांबली तर इथलं उत्पन्नाचं गणित कोसळतं. जीवन प्रमाण आता चेहरा ओळखून मोबाइलवरही करता येतं. फोंड्यात असतानाच एकदा करून बघा, म्हणजे इथे आल्यावर आधारचा मोबाइल नंबर बंद पडल्याचं कळायला नको.

माझं ऐकाल तर आधी साध्या शेंगेन व्हिसावर या, आणि जानेवारीत या. उन्हाळ्यातलं लिस्बन सगळ्यांनाच आवडतं. इथली बरीच जुनी घरं आतून गारठतात, भिंतींना ओल धरते, आणि भाऊंचे गुडघे त्याला काय म्हणतात ते तेव्हाच कळेल. लेकीच्या घरी राहा, मार्तिम मोनिजच्या दुकानांत आपला तांदूळ आणि कोकम मिळतं का बघा, सरकारी आरोग्यकेंद्रात जाऊन रांग बघा. त्यानंतरही यावंसं वाटलं तर पोलिसांचा दाखला आणि लग्नाचा दाखला काढून त्यांवर अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी साक्षांकनाचा शिक्का) घ्या. भाडेकरार मात्र बारा महिन्यांचा आणि इथल्या करखात्यात नोंदवलेला हवा, घरमालक नाही म्हणाला तर ते घर सोडून द्या.

वहिनी, भाऊंच्या औषधांची नावं मूळ घटकांसह लिहून पाठवा. इथल्या फार्मसीत त्यातली कोणती मिळतात आणि कोणत्यांना इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते ते मी या आठवड्यात विचारून येते.