पुणे महापालिकेचं बजेट ठरताना आपल्यासारख्या साध्या माणसाला काही बोलता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की पंधरा वर्षं मिळकतकर भरतोय, दर मार्चमध्ये पेपरात हजारो कोटींचे आकडे वाचतो, पण गल्लीच्या तोंडाशी साधा चालण्यासारखा फूटपाथ होत नाही, तर बजेट ठरताना आपलं कोणी ऐकतं का की सगळं वरच ठरतं.

ऐकतात. पण मार्चमध्ये नाही, तेव्हा खूप उशीर झालेला असतो. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे आणि गेली काही वर्षं हे सगळं क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालून शिकलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळापत्रक समजून घ्या कारण सगळी मेख तिथेच आहे. आपल्याकडे महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे आणि त्यात तारखा दिल्यात. आयुक्तांनी १५ जानेवारीपर्यंत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे, म्हणजे पैशांचे विषय बघणाऱ्या निवडक नगरसेवकांच्या समितीपुढे ठेवायचं, पुढच्या वर्षी कोणता कर किती दराने घ्यायचा हे मुख्य सभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचं, आणि ३१ मार्चच्या आत अंदाजपत्रक मंजूर करायचं. प्रत्यक्षात तारखा पुढेमागे होतात पण क्रम हाच. आयुक्तांनी मिळकतकर वाढवायचा प्रस्ताव ठेवायचा आणि नगरसेवकांनी तो फेटाळायचा असं पुण्यात अनेकदा झालंय, ते याच टप्प्यावर. आता विचार करा, जानेवारीत आयुक्तांनी जे मांडलं त्याची जुळवाजुळव खात्यांनी दिवाळीच्या आधीपासून केलेली असते. म्हणजे आपली गल्ली त्यात यायची असेल तर ती गणपतीच्या आसपास कागदावर यायला हवी.

आणि त्यासाठी एक अधिकृत वाट आहे, बहुतेकांना माहीतच नसते. २००६-०७ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा प्रकार सुरू आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला महापालिका जाहीर करते की आपापल्या प्रभागातली कामं सुचवा, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो आणि ऑनलाइनही भरता येतो. एका कामाला ५ लाखांची मर्यादा. त्यात बसस्टॉप, बाकडी, दिवे, फूटपाथची दुरुस्ती, स्वच्छतागृहाची डागडुजी अशी कामं बसतात. उड्डाणपूल नाही बसणार, पण तुम्हाला उड्डाणपूल नकोच आहे ना, फूटपाथ हवाय. २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचं होतं, त्याच्यापुढे ५ लाख म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आपल्या कोपऱ्यावर ५ लाखांत काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमची गोष्ट सांगते. आमच्या चौथ्या मजल्यावर एक काकू आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातात काठी. त्यांना बसस्टॉपपर्यंत जायचं म्हणजे फूटपाथवर चढा, गेट आलं की उतरा, परत चढा, आणि ती उंची इतकी की त्या शेवटी रस्त्यावरूनच चालायच्या, बाजूने रिक्षा आणि डंपर. पहिल्या वर्षी मी फॉर्ममध्ये लिहिलं, "सोसायटीसमोरील रस्ता व पदपथ दुरुस्त करणे." नामंजूर. मी चिडून विचारायला गेले तर तिथल्या साहेबांनी नकाशाच पुढे ठेवला, की बाई, तुम्ही ज्याला सोसायटीसमोरचा रस्ता म्हणताय तो आतला लेआउटचा रस्ता आहे, तो महापालिकेच्या ताब्यात दिलेलाच नाही आणि खासगी जागेवर महापालिकेला पैसा खर्च करता येत नाही. त्यांचं बरोबर होतं, चूक माझी होती, मी जागा नीट लिहिलीच नव्हती. हे मुद्दाम सांगतेय कारण अर्ज फेटाळला की लोक म्हणतात हे सगळे नाटक आहे आणि परत जातच नाहीत. आधी रस्ता कोणाच्या मालकीचा ते बघा.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिघी-चौघी टेप घेऊन गेलो. कुठल्या बसथांब्यापासून कुठल्या भाजीवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत, कुठल्या बाजूचा पदपथ, अंदाजे ६० मीटर, चार ठिकाणी उतार आणि दोन बाकडी, एवढंच लिहिलं आणि चार फोटो जोडले. काही दिवसांनी कनिष्ठ अभियंता आले, अगदी तरुण मुलगा, त्याने स्वतःचा टेप लावला आणि कडेची उंची ११ इंच भरली. तो म्हणाला, ही सहा इंचाच्या वर नकोच. ते खरंय, इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपर्यंतच आहे, पण थरावर थर डांबर-काँक्रीट-ब्लॉक चढत जातात आणि कोणी मोजत नाही. काकू तिथेच उभ्या होत्या, त्याने त्यांना विचारलं, आजी, तुम्हाला कुठे उतार हवा ते काठीने दाखवा. त्यांनी दाखवला. त्या ठिकाणी त्याने खडूने रेघ मारली. ती रेघ पावसात पुसली जाईल म्हणून आम्ही फोटो काढून ठेवला, पुढे कामाच्या वेळी तोच उपयोगी पडला.

मग अंदाजपत्रक आलं, त्याची पीडीएफ महापालिकेच्या वेबसाइटवर टाकतात, शेकडो पानं असतात पण घाबरू नका, आपला प्रभाग शोधायचा आणि ओळ न् ओळ वाचायची. आमचं काम सापडलं. सगळ्यांनी पेढे वाटले आणि इथेच बहुतेक लोक थांबतात. तरतूद झाली म्हणजे काम झालं असं नाही. तरतुदीनंतर पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट, मग निविदा, मग वर्क ऑर्डर, मग काम, मग बिल. यातल्या कुठल्याही पायरीवर ते अडकू शकतं, आणि वर्षभर कोणी विचारलं नाही तर ३१ मार्चला तरतूद लॅप्स. त्याशिवाय वर्गीकरण असतं, हा शब्द लक्षात ठेवा. एका कामासाठी ठेवलेला पैसा मंजुरी घेऊन दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. कायद्यात बसतं, कधी खरंच गरजही असते, कोविडसारखं काही आलं तर पैसा फिरवावाच लागतो, पण ज्या कामामागे कोणी उभं नाही त्याच्यातूनच पैसा आधी उचलला जातो हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या, दर महिन्याला एकीने जायचं, भांडायचं नाही, फक्त विचारायचं की एस्टिमेट झालं का, निविदा निघाली का, आणि उत्तर वहीत तारखेसकट लिहायचं. फेब्रुवारीत काम झालं. काकू पहिल्या दिवशी त्या उतारावरून तीनदा खाली-वर गेल्या, कुठे जायचं नव्हतं त्यांना, नुसत्याच.

उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे पाल्हाळ लावू नका. "अमुक कामाची सद्यस्थिती, एस्टिमेटची प्रत, वर्क ऑर्डरची प्रत", संपलं.

नगरसेवकांचं काय असं विचाराल, तर अंदाजपत्रकात 'स' यादी म्हणून प्रकार असतो, नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामं त्यात येतात. आपल्या भागाच्या 'स' यादीत काय काय होतं ते बघा, नामफलक आणि कमानी किती आणि ड्रेनेज किती, आणि मत मागायला येतील तेव्हा ती यादी हातात ठेवून बोला. १४ मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षं प्रशासकाचंच राज्य होतं, आयुक्तच अंदाजपत्रक मांडायचे आणि आयुक्तच मंजूर करायचे, चर्चा करायला सभागृहच नव्हतं. त्या काळात मला कळलं की नगरसेवकाला आपण कितीही नावं ठेवली तरी रात्री अकरा वाजता पाणी आलं नाही म्हणून ज्याच्या दारात जाता येतं असा माणूस असणं केवढी मोठी गोष्ट आहे.

आता पैसा येतो कुठून ते थोडं, कारण मागायचं असेल तर हेही माहीत हवं. पूर्वी जकात होती, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, एप्रिल २०१३ ला ती जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. त्यामुळे आता जकातीच्या बदल्यात राज्याकडून अनुदान येतं, दुसरा मोठा आधार आपला मिळकतकर आणि तिसरा बांधकाम परवानग्यांचं शुल्क. म्हणजे तीनपैकी एक सरकारच्या हातात, एक बिल्डरांच्या बाजाराच्या हातात, आणि पक्का म्हणावा असा आपलाच. जाणाऱ्या बाजूला पगार, पाणी, कचरा, वीज, शिवाय पीएमपीच्या, म्हणजे आपल्या शहर बससेवेच्या, तोट्यातला ६० टक्के वाटा पुणे महापालिका भरते, उरलेला ४० टक्के पिंपरी-चिंचवड. मला कोणी विचारलं तर हा पैसा वाया जातोय असं मी म्हणणार नाही, बस बंद झाली तर काकूंच्या उताराचा काय उपयोग. त्यात २०१७ ला महापालिकेच्या हद्दीत ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३, नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची वेगळी झाली, पण बाकीच्यांना पाणी-रस्ते-ड्रेनेज द्यायचंच आहे आणि ते शून्यातून करायचंय.

तुमच्या स्वतःच्या बिलाकडेही एकदा नीट बघा हो. नुसता शेवटचा आकडा बघून भरू नका. त्यात सर्वसाधारण कर, सफाई कर, वृक्षकर, अग्निशामक कर, जललाभ कर असं एक एक लिहिलेलं असतं, आणि राज्य सरकारचा शिक्षण कर पण त्याच बिलातून जातो, तो महापालिकेला मिळत नाही. स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे, ही १९७० पासूनची पुण्याची सवलत, मध्ये राज्य सरकारने बंद केली आणि २०२३ मध्ये परत दिली. पण ती सगळ्यांना आपोआप मिळतेच असं नाही, आमच्या सोसायटीत नऊ जणांच्या बिलात ती नव्हती आणि त्यांना वाटत होतं कर वाढलाय. पीटी-३ अर्ज, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि तुम्ही तिथेच राहता याचा पुरावा, एवढ्यात झालं. आणि थकवू नका, महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो, वर्षाला केवढा होतो बघा.

रस्त्याशिवायही बजेटमध्ये आपल्यासाठी ठेवलेलं बरंच काही असतं आणि न मागितल्यामुळे राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. दहावीला चांगले मार्क पडलेल्या मुलांना मौलाना अबुल कलाम आझाद योजनेतून १५ हजार आणि बारावीला अण्णाभाऊ साठे योजनेतून २५ हजार मिळतात, तरतुदीच्या अधीन राहून. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मुलीला ८४ टक्के होते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी आणि माझ्या मुलाने बसून ऑनलाइन अर्ज भरला. हॉस्पिटलच्या बिलासाठी शहरी गरीब योजना आहे, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. आपल्या घरी काम करणाऱ्या माणसांपर्यंत एवढं तरी पोचवा.

तुमच्यासाठी आता एवढंच करा. या रविवारी टेप घेऊन त्या फूटपाथशी जा, उंची आणि लांबी मोजा, चार फोटो काढा, तो रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे ना ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा, तिथेच हेही विचारा की नागरिकांच्या सूचनांचे फॉर्म यंदा कधी निघणार. एकटे जाऊ नका, ज्याला तो फूटपाथ रोज लागतो असं कोणीतरी बरोबर न्या. आमच्या काकूंनी तर यंदा स्वतःच मला सांगितलंय की विरंगुळा केंद्राच्या पायऱ्यांना कठडा नाही, पायऱ्या सात आहेत, मोजून ठेवल्यात.